धुरावरचा त्रिशंकू

निरभ्र आकाशाचं कौतुक द्राक्षवाल्यांच्या घरात करू नये, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. जानेवारीतल्या एका सकाळी मी निफाडकडच्या वस्तीवर राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला आणि विचारलं, "ताई, आभाळ कसं आहे तिकडे?"

"एकदम साफ," ती म्हणाली. "ढगाचा ठिपका नाय."

"अगं वा, छान."

मग ताई म्हणाली, "छान काय छान? मणी तडकायला लागलेत. दोन रात्री डोळ्याला डोळा नाय लागलेला. तू नाशकात बसून छान म्हण."

आकाश मोकळं असलं की जमिनीतली ऊब निघून जाते, पारा खाली येतो आणि साखर भरायला आलेल्या द्राक्षांचे मणी तडकतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरंच काही चाललं होतं. मला आकाशातला त्रिशंकू पाहायचा होता. त्याच हिवाळ्यात पाहायचा होता, कारण पुढच्या हिवाळ्याचा भरवसा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला नव्हता.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे तयार सुटा भाग, उजेडात धरायचा, चिरा बघायच्या, खड्डे बघायचे, मग ओकेचा शिक्का मारायचा किंवा लाल डब्यात टाकायचा. तीस वर्षं हेच करतेय. माझा नियम एकच, स्वतः पाहिल्याशिवाय शिक्का नाही. शेजारच्या टेबलावरची कितीही जुनी मैत्रीण म्हणाली, 'मी बघितलंय गं, मार', तरी मी मारत नाही. त्यामुळे खात्यात मला खडूस म्हणतात. मला ते मान्य आहे.

डोळ्यांचं हे अंधार पडल्यावर सुरू झालं. दुसऱ्या पाळीतून बाहेर पडताना गेटपाशी उभ्या केलेल्या स्कूटरला धडकले. मग जिन्याची शेवटची पायरी चुकली. मग एकदा दिवेलागणीला रस्त्यावर पसरलेली कोथिंबीरवालीची पाटीच लाथाडली आणि तिच्या चार गोष्टी ऐकून घेतल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले, तर डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यांत बघून घेतलं. तरुण मुलगी होती, पण आडवळणाने बोलणारी नव्हती. म्हणाली, "रात्रीचं आधी जाईल. मग कडांचं. मधलं बरीच वर्षं राहील, तुमचं काम चालू राहील." औषध विचारलं, तर सध्या नाही म्हणाली. मी विचारलं, "आणि तारे?" तिला वाटलं मी डोळ्यांपुढे काजवे चमकण्याबद्दल विचारतेय. मी आकाशातले म्हटल्यावर ती हातातली टॉर्च बाजूला ठेवून म्हणाली, "जे पाहायचं असेल ते लवकर पाहून घ्या."

तारे मला आईने दाखवले. कॉलनीत आमचं स्लॅबचं बैठं घर होतं आणि उन्हाळ्यात लोडशेडिंग असायचं. वीज गेली की आम्ही तिघी गोधड्या घेऊन गच्चीवर. आईला पुस्तकातली नावं थोडीच ठाऊक होती. ती सप्तर्षींना बाजलं म्हणायची. चार पायांचं बाजलं आणि त्यामागे लागलेले तीन चोर. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन तारका म्हणजे तिकांडं. ताई दुसऱ्या चोरापर्यंत झोपलेली असायची. तिला चांदण्यांचं कधीच काही वाटलं नाही. मी मात्र जागी राहायचे, आणि मोठी झाल्यावर नकाशे आणून एकेक नाव लावत गेले. व्याध, अगस्ती, रोहिणी, स्वाती, चित्रा, ज्येष्ठा. काहींना नुसतं नाव पुरत नाही, त्यांना बघण्याची रीत असते. मंद तारा थेट बघायचा नसतो. त्याच्या किंचित बाजूला बघायचं, की तो डोळ्याच्या कोपऱ्यात उगवतो. थेट वळून बघितलं की पळून जातो. नवीन माणसाला मी हे दाखवलं की तो हमखास हसतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर ही युक्ती चालेनाशी झाली. कृत्तिकांच्या झुबक्यात मला एके काळी सहा तारका सहज दिसायच्या. आता एक धुरकट डाग दिसायचा, आणि बाजूला बघितलं की तोही जायचा. माझे कोपरेच मिटत चालले होते. त्या रात्री मी गच्चीवर बसून रडले. मग नाक पुसलं आणि ठरवलं की रडायचं ते त्रिशंकू पाहून झाल्यावर.

त्रिशंकूच का, तर पाहायचा तो एकटाच राहिला होता. दक्षिणेकडच्या चार तारका, उभ्या धरलेल्या पतंगासारख्या. आपल्याकडून तो दिसतो, पण क्षितिजाला इतका लगटून की त्याच्या आड काहीही येतं. आमच्या कॉलनीतून दक्षिणेला बघितलं तर औद्योगिक वसाहतीचे दिवे, म्हणजे ज्या कारखान्याने मला पगार दिला त्यानेच त्रिशंकू झाकला. एका मार्चमध्ये तो मला दिसला होता असं मला वाटलं होतं. खात्यात पेढे वाटले. घरी येऊन नकाशा नीट बघितला तेव्हा कळलं की ती त्याच्यासारखी दिसणारी दुसरीच चौकडी होती. खरा त्रिशंकू असेल तर त्याच्या डाव्या हाताला दोन तेजस्वी तारे हवेत, मित्र आणि मित्रक. ते नव्हते. पेढे खाल्लेल्या बायकांनी मला आजतागायत सोडलेलं नाही. एखादा जॉब लाल डब्यात टाकला की कोणीतरी म्हणतंच, "नीट बघ गं, पेढ्यांसारखं व्हायचं."

तर जानेवारीत, पहाटे पाच-साडेपाचच्या सुमाराला, त्रिशंकू दक्षिणेत पुरता उभा असतो. निफाडकडे जमीन सपाट, दक्षिणेला डोंगर आडवा येत नाही. अमावास्या जवळ आली होती. फोनवर शिव्या खाऊन झाल्यावर मी ताईला म्हटलं, "मी येतेय, दोन-चार दिवसांसाठी."

"ये की," ती म्हणाली. "पण छान म्हणायचं नाय."

एसटीने निफाडला उतरले, तिथून दाजी पिकअपमधून घेऊन गेले. दाजी कमी बोलतात. त्या दिवसांत त्यांची नजर सारखी बागेच्या टोकाला टांगलेल्या तापमापकाकडे जायची. मी पहिल्याच पहाटे, शाल-कानटोपी घालून, शेततळ्याच्या बांधावर जाऊन उभी राहिले. थंडी हाडात शिरत होती. दक्षिण मोकळी होती. आजूबाजूच्या वस्त्यांचे हॅलोजन डोळ्यात खुपत होते, तरी क्षितिजाच्या वर अंधार होता. मी डोळे सरावायची वाट बघत होते. अलीकडे त्यांना फार वेळ लागायचा.

तेवढ्यात खालच्या बागेत पहिली शेकोटी पेटली. मग दुसरी. वेलींच्या ओळींच्या टोकाला काड्यांचे आणि पाचटाचे ढीग रचलेले होते, दाजी एकेक पेटवत गेले आणि वर ओला भुसा टाकत गेले. बागेत ऊब राहावी म्हणून पहाटे धूर करतात. शेजारच्यांनीही पेटवल्या. पांढरा धूर उठला, बागेवर पसरला, माझ्यापर्यंत आला आणि माझी दक्षिण बघता बघता पुसली गेली. मी उजाडेपर्यंत तिथे खोकत उभी राहिले.

चुलीपाशी आले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. म्हटलं, "पंधरा मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"बाग बिघडली असती," ताई म्हणाली. ती रात्रभर जागी होती आणि तिचे डोळे धुराने लाल झाले होते. "वर्सभराचं काम हाय ते. तुझ्या चांदण्या उद्या बी हायेत."

तिने चहाचा कप पुढे केला. स्वयंपाकघरात अजून पुरता उजेड नव्हता, चुलीचाच काय तो. माझा हात कपाच्या बाजूने पुढे निघून गेला. मी पुन्हा चाचपलं. कप ताईच्याच हातात राहिला.

"तुला दिसत नाय का?"

"झोप झालेली नाही."

"मघाशी बागेतल्या ड्रिपच्या नळीला अडखळलीस. रात्री उंबऱ्याला ठेचकळलीस." ताईने कप खाली ठेवला. "खरं सांग."

सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच, त्याच क्रमाने. रात्रीचं, कडांचं, मधलं. ताई ऐकत होती. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली. मला का नाय सांगितलं, मी मेले होते का, एवढी मोठी झालीस का तू, असं बरंच काही बोलली. मग चुलीत उगाच एक लाकूड सारलं आणि तोच राग घेऊन उठून बाहेर ओट्यावर गेली, मी तिच्या मागे. दाजी तिथे तोंड धूत होते.

"उद्या खालच्या तुकड्याला शेकोटी नाय लावायची," ती म्हणाली.

दाजींनी तोंडावरचं पाणी निपटलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बागेच्या टोकाला. "बरं," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की खालचा तुकडा म्हणजे सगळ्यात भरलेला तुकडा.

मी म्हटलं, "नाही. शेकोट्या पेटतील. सगळ्या पेटतील."

"तू गप बस."

"ताई, तुमचे मणी तडकवून बघितलेला तारा मला नको. आणि तुमच्या नाही पेटवल्या तरी शेजारच्यांचा धूर येणारच आहे. मी दुसरं बघते काहीतरी."

दुसरं काय, ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पण हट्टी माणसाचं डोकं अशा वेळी बरं चालतं. मी पुन्हा बांधावर गेले. ऊन यायचं होतं, धूर अजून होता. आणि तेव्हा मला दिसलं की धूर वर जातच नाहीये. थंड हवेत तो दडपल्यासारखा झाला होता, बागेवर गोधडी अंथरावी तसा सपाट. त्या गोधडीतून नारळाचे शेंडे बाहेर आले होते, आणि गावच्या पाण्याच्या टाकीचं डोकं. टाकी लख्ख दिसत होती.

"त्या टाकीवर चढता येतं का?" मी ताईला विचारलं.

"पोरं चढत्यात दिवसा. वरती कठडा हाय." मग तिच्या लक्षात आलं. "तू रात्री चढणार? तुला उंबरा दिसत नाय."

"तू धरशील ना."

ताईने तोंड वाकडं केलं. पण नाही म्हणाली नाही.

दिवसभर मी तयारी केली. उजेड होता तोवर ओला भुसा पाट्यांनी ओळींच्या टोकाला नेऊन टाकला, म्हणजे पहाटे ताईचं काम हलकं व्हावं. दुपारी टाकीच्या जिन्यावर हात फिरवून आले. तो बाहेरून गोल वळत जाणारा सिमेंटचा जिना होता, एका बाजूला लोखंडी दांडा. दांडा घट्ट होता. पायऱ्यांच्या कडा मात्र झिजलेल्या. तपासणी खात्यात असता तर तो जिना मी लाल डब्यात टाकला असता.

मोठी अडचण डोळ्यांची होती. अंधाराला सरावायला त्यांना फार वेळ लागत होता, आणि एकदा उजेड बघितला की सगळं पहिल्यापासून. म्हणजे शेकोटीची ज्वाळा बघायची नाही, टॉर्च लावायची नाही. लाल कागद लावलेली टॉर्च मी नेहमी जवळ ठेवते, लाल उजेडाने डोळे बिघडत नाहीत. पण त्या मिणमिणत्या लालीत मला आता पायरी दिसत नव्हती. मी ठरवलं ते ऐकून ताईने कपाळाला हात लावला.

पहाटे ती मला उठवायला आली तेव्हा मी उठूनच बसले होते, डोळ्यांवर ओढणीची घडी घट्ट बांधून. ताई आणि दाजी शेकोट्या लावायला गेले, मी ओट्यावर बसून राहिले. काड्या तडतडायला लागल्या, धूर नाकात शिरला. मग ताईचा खरखरीत, राखेचा हात माझ्या हातात आला आणि आम्ही निघालो. वाटेत दाजींचा आवाज आला, "या वयात आंधळी कोशिंबीर खेळता का दोघी?"

आम्हाला हसू फुटलं. गच्चीवर हा खेळ खेळताना ताई मला नेहमी कठड्यापासून लांब ढकलायची. मग दोघींनाही एकदमच हसू आवरलं, आणि टाकीपर्यंत ताईने माझा हात घट्ट धरून ठेवला.

जिन्यावर ती एक पायरी पुढे, तिचा हात मागे, माझा त्यात. दुसरा हात दांड्यावर. दांडा बर्फासारखा गार होता. "पाय उचल. ठेव. ही तुटलेली हाय, आत ठेव. हां." मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर मधे एकदा मी म्हटलंही की जाऊ दे. ताई म्हणाली, "आता कशाला जाऊ दे? शेकोट्या त्यांच्यावर टाकून आलेय मी. चढ." धुराचा वास हळूहळू कमी झाला. मग एकदम गेला. गार, स्वच्छ हवा तोंडाला लागली.

वर कठड्याला पाठ टेकवून मी ओढणी सोडली.

काही नाही. नुसता काळोख. मी डोळे मिटले, उघडले. काळोखच. मी मान वर करून बसून राहिले आणि मनात म्हटलं, उशीर झाला, एका वर्षाने उशीर झाला. त्या क्षणी मला माझाच भयंकर राग आला.

"खाली बघ," ताई म्हणाली. "सगळे हॅलोजन बुडाले धुरात."

मला खालचं दिसत नव्हतं, पण ती म्हणाली तसंच झालं असणार. ज्या धुराला मी काल शिव्या घातल्या त्याने सगळ्या वस्त्यांचे दिवे झाकून टाकले होते. आणि मग वर, उंचावर, एक ठिपका उमटला. नारिंगी. स्वाती. तिच्या खाली उजवीकडे पांढरी चित्रा. मी ताईचं मनगट दाबलं.

"चित्रेच्या उजव्या बाजूला चार चांदण्यांचा वाकडा चौकोन आहे का बघ. हस्त म्हणतात त्याला. मला नाही दिसत."

ताईने आयुष्यात पहिल्यांदा आकाशाकडे कामाच्या नजरेने पाहिलं असावं. ती इतका वेळ शोधत राहिली की झोपली की काय असं वाटलं. मग म्हणाली, "हाय. कललेल्या पाटीसारखा."

"त्याच्या सरळ खाली ये. सरळ. क्षितिजापर्यंत."

तिने माझं बोट धरलं आणि तेच हवेतून खाली आणत गेली. मी बोटाच्या टोकाकडे बघत राहिले, कारण माझ्या नजरेची खिडकी आता तेवढीच उरली होती. बोट थांबलं. तिथे एक तारा होता. जरा खाली, दुसरा, अधिक तेजस्वी. डावीकडे तिसरा. मी श्वास धरला. आणखी डावीकडे नजर सरकवली, हळूहळू, जॉबवरची चीर शोधावी तशी. मित्रक. आणि त्याच्याही खाली, धुराच्या अगदी कडेला, मित्र. या वेळी पेढे वाया जाणार नव्हते.

"हाच," मी म्हटलं. "ताई, हाच तो."

"चार हायेत," ताई म्हणाली. "पतंगासारख्या."

"मला तीनच दिसतात."

"अगं हाय की चौथी. उजवीकडं. बारीक हाय जरा."

मी थेट बघितलं. किंचित डावीकडे बघितलं, किंचित वर. जेवढ्या युक्त्या मला येत होत्या तेवढ्या केल्या. पूर्वेला फिकट व्हायला लागलं होतं, ज्येष्ठेची लाली उतरत होती. चौथी तारका आली नाही. ताई माझं बोट तिच्यावर धरून बसली होती, मला दिसत नसलेल्या एका जागी, आणि पुन्हा पुन्हा सांगत होती, ही बघ, ही बघ, हाय इथंच.

"नक्की आहे?" मी विचारलं.

"आईची शपथ."

तीस वर्षांत मी दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांवर एकही जॉब पास केला नव्हता. त्या पहाटे केला. चारही तारका, ओके. मग आधी ठरवल्याप्रमाणे मी रडले, आणि ताईने माझं बोट तिथून हलवलं नाही.